उजवा डोळा, डावा पदर

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी सकाळी झालं. वीस मिनिटांत. परतीची रिक्षा मिळायला त्याहून जास्त वेळ लागला. हातात पथ्याचा कागद होता: थेंब दिवसातून सहा वेळा, डोक्यावरून आंघोळ नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही आणि गॅससमोर उभं राहायचं नाही. आठ दिवस. आईने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "मग मी करू काय?"

"टीव्ही बघितलेला चालेल म्हणालेत."

"आठ दिवस नुसता टीव्ही?" तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिला आठ दिवस पत्ते कुटत बसायला सांगितलं होतं.

बायको ऑफिसच्या कामासाठी बंगळुरूला गेलेली. मी रजा टाकलेली. म्हणजे ओटा माझ्याकडे आणि सोफा आईकडे. आमच्या घराण्यात अशी वाटणी याआधी कधी झाली नव्हती.

मला सिनेमाचं वेड आहे. आठवड्याला पाच-सहा सिनेमे हा माझा वर्षानुवर्षांचा रतीब. कॉलेजात असताना पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हचे खेळ बघून हे लागलं ते लागलंच. आईला या वेडाचं कधी वाईट वाटलं नाही, कौतुकही नाही. "त्याला सिनेमा आवडतो," असं ती नातेवाइकांना सांगते, एखाद्याला दमा असतो तसं. आता तिच्यासमोर मी करार ठेवला: एक सिनेमा तिच्या पसंतीचा, एक माझ्या. तिने लगेच पहिली अट घातली. "डोळ्यांचा नको." म्हणजे 'श्वास' बाद. सुवर्णकमळ मिळवणारा 'श्यामची आई'नंतरचा पहिला मराठी सिनेमा, मध्ये पन्नास वर्षं गेलेली, ऑस्करसाठी भारताकडून गेलेला, हे सगळं मी सांगून पाहिलं. "असू दे की. त्या पोराचे डोळे जातात ना? मग नको."

मंगळवारी पट्टी निघाली, काळा चष्मा आला आणि तिने 'अशी ही बनवाबनवी' मागितला. मराठी घरात दुखण्यातून उठलेल्या माणसाला आधी पेज देतात आणि मग हा सिनेमा. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान'वरून तो १९८८ साली केलेला, असं मी सुरू केलं तर तिने हाताने गप्प केलं. नावं पडत होती.

पुढचे दोन-अडीच तास मी सिनेमा कमी आणि आईला जास्त बघत होतो. तिला तो पाठ आहे, हे मला माहीत होतं. सत्तर रुपये वारल्याचं ती अशोक सराफच्या अर्धा सेकंद आधी सांगत होती. लक्ष्मीकांत बेर्डेच्या पार्वतीची ओळख होण्याआधीच खुसखुसत होती. पण त्याच वेळी ती अशा जागी दचकत होती, जिथे दचकण्यासारखं काही नव्हतं. "अगं बाई, हे खोलीच्या दारात चाललेलं असतं होय? मला वाटायचं रस्त्यावर." "ही एवढी बारीक होती?" "हा इथं बसलेला असतो?"

मला कळेना. ज्या बाईला संवाद विरामचिन्हांसकट पाठ आहेत तिला खोली, दार, खुर्ची नवीन कशी?

मग डोक्यात उजेड पडला. साताऱ्याच्या घरात टीव्ही बाहेरच्या खोलीत होता. गॅस मागे, मध्ये माजघर. शनिवारी दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागायचा, तो नेमका संध्याकाळच्या भाकऱ्यांच्या वेळेला. मध्येच बातम्या लागायच्या, तेव्हा बाबा "वाढ" म्हणायचे. मग आम्ही ताटं घेऊन टीव्हीपुढे आणि आई तव्यापुढे. पुढे केबल आली, सीडी आल्या, माझं वेड आलं, तरी तवा तिथेच. आईने आयुष्यभर सिनेमे ऐकले होते. सगळे. पात्रांचे आवाज तिला माहीत होते, चेहरे अधूनमधून, आणि माणसं कुठे उभी राहून बोलतात ते तिने मनानेच बसवलं होतं. तिच्या मनातल्या बनवाबनवीत विश्वास सरपोतदार धिप्पाड आहे. सुधीर जोशी बघून तिचा जरा विरसच झाला.

लिंबू कलरच्या साडीपाशी तिने सिनेमा थांबवायला लावला. काळा चष्मा कपाळावर चढवला, डावा डोळा हाताने झाकला, मग उजवा झाकला, पुन्हा डावा.

"काय करतेस? डोळ्याला हात लावू नकोस."

"लावत नाहीये. गंमत बघ. या डोळ्यानं ती लिंबाची आहे. या डोळ्यानं हळदीची."

नेत्रभिंग पिकतं तसं पिवळं पडतं, वर्षानुवर्षं जग थोडं हळदीत बुडवून दिसतं आणि माणसाला पत्ता लागत नाही, कारण ते एका रात्रीत होत नाही. नवं भिंग बसलं की पांढरं एकदम पांढरं, थोडं निळंच वाटतं. आईकडे आता तुलनेला दोन्ही होते. आठवडाभर ती हा खेळ खेळली. दुधाच्या पातेल्यावर, माझ्या बनियनवर, शेजारच्यांच्या भिंतीवर. "तुझे बनियन पांढरे नाहीत," हा निष्कर्ष बुधवारी सकाळीच जाहीर झाला.

अशोक सराफ हसवून थकला तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, जो मला इतक्या वेळा हा सिनेमा बघून सुचला नव्हता. "चौघं बाप्ये एका घरात. त्यातले दोघं साड्या नेसलेले. या घरात स्वयंपाक कोण करतं?"

कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठलो.

बुधवारी माझी पाळी होती, पण मी शहाणपणा करून 'संत तुकाराम' लावला. म्हणजे माझाही आणि तिचाही. प्रभात फिल्म कंपनीचा, १९३६चा. मी त्याबद्दल बोलायला लागलो की थांबत नाही. दामले प्रभातमध्ये ध्वनी सांभाळायचे, फत्तेलाल कलादिग्दर्शन, आणि दोघांनी मिळून बनवलेल्या या सिनेमाची पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या निवडक तीन सिनेमांमध्ये गणना झाली. जिथे तो चित्रित झाला त्या प्रभातच्या आवारातच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. आई हे सगळं ऐकून घेत होती, कारण सिनेमा अजून बफर होत होता.

"डाव्या डोळ्यानं हा पिवळा दिसतो," ती म्हणाली. "जुन्या फोटोसारखा. उजव्यानं काळा-पांढरा."

जुने सिनेमे स्वच्छ करायला लोक महिनोन् महिने एकेक चौकट घासतात. आईचं काम वीस मिनिटांत झालं होतं.

'आधी बीज एकले' सुरू झालं आणि तिने हात जोडले. मला राहवलं नाही. म्हटलं, हा तुकोबांचा अभंग नाही, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलाय. लोक गाथेत शोधत बसतात. तिने हात खाली घेतले नाहीत. "मग काय झालं? तुकाराममहाराजांना चाललं असतं." मग थोड्या वेळाने, "तो सालोमालो पण असाच करायचा ना? दुसऱ्याचं आपल्या नावावर. यानं उलटं केलं. आपलं दुसऱ्याच्या नावावर."

आठवल्यांबद्दल मी बरंच वाचलं आहे. हे वाक्य मला कुठे सापडलेलं नाही.

विष्णुपंत पागनीसांवर मात्र तिचं फार लक्ष नव्हतं. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा हा नट तुकाराम झाला आणि लोक त्याच्या पाया पडायला लागले, घरोघर देव्हाऱ्यात त्याच्या फोटोची पूजा झाली. तो पडद्यावर गात असताना आईची नजर आवलीवर असायची. आवली झालेली गौरी ही काही नामवंत नटी नव्हती. प्रभातमध्येच किरकोळ कामांपासून वर आलेली. आजारी पोराला ओढत देवळात जाऊन, हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारणारी ती बाई आली तेव्हा आई सोफ्यावर पुढे सरकली. भक्तीसाठी नव्हे. कुणीतरी अखेर मुद्द्याचं बोलत होतं म्हणून.

"ती चुकीची नाही," ती म्हणाली. "घरात दाणा नसताना हा उसाची मोळी वाटतो रस्त्यात. कुणी केलं असतं त्याचं?"

शेवटचं विमान येईपर्यंत माझा भात खाली लागायला आला होता. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो, टाळ, मृदुंग, गलका. परत आलो तर तो प्रचंड गरुड पंख हलवत निघालेला आणि आवली मागे जमिनीवर. आई शांत होती. "माझी आजी सांगायची, तुकोबांनी तिला पण चल म्हटलं होतं. ही म्हणाली, म्हैस कुणी बघायची?" मग माझ्याकडे वळून, "लागला का?"

"थोडासा."

"वरचा वरचा काढ."

गुरुवारी दुपारी आमच्याकडे वीज गेली, गुरुवारी जाते तशी. पंखा बंद, टीव्ही बंद, इन्व्हर्टरची बॅटरी कधीच मेलेली. आई काळा चष्मा घालून गॅलरीत बसली आणि कुणी न विचारता पुसेगावच्या यात्रेचं सांगायला लागली.

सेवागिरी महाराजांची यात्रा, थंडीतली. रथ, बैलबाजार, आणि बाजाराच्या टोकाला सिनेमाचा तंबू. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची. तंबूबाहेर इंजिन धडधडायचं, आत जमिनीवर बसायचं, मध्ये कनात, एकीकडे बाया, एकीकडे बापे. मशीन एकच, म्हणून रीळ संपलं की दिवा लागायचा आणि पुढचं रीळ चढेपर्यंत शेंगांची टरफलं उडायची. तिच्या मामाने सहा पोरं नेली होती. सहा तिकिटांचे पैसे नव्हते. पण पडद्याच्या मागे बसलं तर निम्म्यात भागायचं.

"मागे बसून काय दिसणार?"

"सगळं दिसतं. कापडच ते. फक्त उलटं."

सिनेमा होता 'सांगत्ये ऐका'. मूळचा १९५९चा, अनंत मान्यांचा. पुण्यात विजयानंदला शंभराहून जास्त आठवडे चालून, मग गावोगावच्या तंबूंतून फिरत, झिजत, जागोजागी जोडलेला तो पुसेगावला पोचला होता. आईला त्यातलं एकच लख्ख आठवत होतं. साताऱ्याला जाताना बुगडी हरवली, असं गाणाऱ्या त्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता.

"मी घरी येऊन आजीला विचारलं, तमाशातल्या बाया पदर उलटा घेतात का गं? आजीनं पाठीत धपाटा घातला. तमाशाचं नाव काढलं म्हणून. उत्तर काही दिलं नाही."

"मग कधी कळलं?"

"कशाचं?"

"की पडद्यामागून उलटं दिसतं म्हणून."

ती थोडा वेळ गप्प राहिली. "अरे, आत्ता. तुला सांगताना."

हे फिरते तंबू आता मोडत आले. 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा माहितीपट आहे, २०१६ साली कानच्या महोत्सवात गाजलेला. त्यात महाराष्ट्रातल्या यात्रांमधले असे तंबू आहेत, गंजलेल्या ट्रकांवरची यंत्रं आहेत, आणि प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक कारागीर आहे, जो यंत्राबद्दल बोलताना एखाद्या म्हाताऱ्या बैलाबद्दल बोलावं तसा बोलतो. तो मी तिला दाखवणार होतो. वीज आली तेव्हा ती झोपली होती.

शुक्रवारी शेजारच्या काकू आईजवळ बसल्या आणि मी मल्टिप्लेक्सला जाऊन आलो. सिनेमाचं नाव घेत नाही. तीन तास माणसं हवेत उडत होती आणि खाली पडत नव्हती. मध्यंतरातल्या पॉपकॉर्नच्या पैशांत आईच्या मामाने अख्खं पुसेगाव पडद्यापुढे बसवलं असतं. परतल्यावर आईने विचारलं, कसा होता? म्हटलं, मोठा होता.

'टोकियो स्टोरी' शनिवारी लावला तो मुद्दाम, आणि थोडं घाबरत. १९५३चा, यासुजिरो ओझूचा. जगभरच्या दिग्दर्शकांनी २०१२ साली मतदान करून त्याला आजवरचा सर्वोत्तम सिनेमा ठरवलं होतं. पण भाषा जपानी, खालची अक्षरं इंग्रजी, आणि आईला दोन्ही येत नाहीत. ठरलं असं की मी वाचून सांगायचं.

ओझूचा कॅमेरा जमिनीपासून हातभर वर असतो आणि सहसा हलत नाही. आमच्या सिनेमावाल्यांच्या गप्पांमध्ये या उंचीवर तास-तास बोलणं होतं. चटईवर बसलेल्या माणसाची नजर वगैरे. आईने पाचव्या मिनिटाला विचारलं, "हा पाटावर बसून काढलाय का?" आणि विषय संपला.

सुरुवातीला म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे जायची बांधाबांध करत असतात. हवा भरायची उशी सापडत नाही. तो म्हणतो तुझ्याकडे दिली, ती म्हणते माझ्याकडे नाही. मग ती त्याच्याच सामानात निघते. आई इतकी हसली, की मला डोळ्याची काळजी वाटली. बाबांची तीर्थयात्रेची पिशवी तिला आठवली असणार. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. ती काही बोलली नाही, मीही वाचत राहिलो.

मुलं वाईट नसतात, हे या सिनेमात फार जपून दाखवलंय. डॉक्टर मुलाला नेमका रविवारी पेशंट येतो. ब्यूटी पार्लरवाल्या मुलीला गिऱ्हाइकं असतात. तिचा नवरा सासू-सासऱ्यांसाठी चांगला केक आणतो तर ती म्हणते, एवढा महागाचा कशाला, त्यांना बिस्किटं चालली असती. आणि स्वतः खाते. सोय म्हणून दोघांना समुद्रकाठच्या अतामीला धाडतात, तिथे रात्रभर पोरांचा दंगा, झोप नाही. युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको, तेवढी एक दिवस सुट्टी काढून त्यांना टोकियो दाखवते.

इथे मला फोडणीला जावं लागलं. सात वाजत आलेले, आईला थेंब साडेसातला, त्याआधी जेवण. थांबवू का विचारलं. नको म्हणाली. मी कांदा चिरत होतो आणि बाहेरून जपानी येत होतं. एक म्हातारा घोगरा आवाज, एक बाईचा हसरा आवाज, दार सरकल्याचा आवाज, मग काहीतरी काचेचं किणकिणलं. मी हा सिनेमा सात-आठ वेळा बघितलाय. तरी ओट्यापाशी उभं राहून मला कळेना की आत्ता कुठलं दृश्य चाललंय.

बाहेर आलो तर आई म्हणाली, "तू गेलास तेव्हा काय झालं सांगू? ती सून एका खोलीत राहते. तिच्याकडे पाहुण्यांना द्यायला काही नव्हतं. तिनं शेजारणीकडून मागून आणलं. एकदा बाटली आणली, मग पुन्हा गेली आणि पेले पण आणले. आणि त्यांना कळू दिलं नाही."

मला हे दृश्य माहीत होतं. नोरिको साके उसनी आणते, हे मी कुठल्याशा लेखातही लिहिलं असेल. पण ती दोनदा जाते, हे मी कधी मोजलं नव्हतं. आईला एकही शब्द कळला नव्हता. तिने फेऱ्या मोजल्या होत्या.

मग मी नुसताच बसलो, वाचून दाखवणं कमी केलं. म्हातारी त्या सुनेच्या खोलीत मेलेल्या मुलाच्या अंथरुणावर निजते, सून तिचे खांदे दाबून देते. तिथे भाषांतराची गरज नव्हती. परत गेल्यावर म्हातारी जाते. सुतकात जेवणं चाललेली असताना ती पार्लरवाली मुलगी आईचा अमका किमोनो मला हवा म्हणून सांगते. आई म्हणाली, "पाटल्यांचं पण असंच झालं होतं." कुणाच्या पाटल्या ते मी विचारलं नाही. आमच्याकडे त्या विषयावर दोन तट आहेत.

धाकटी मुलगी शेवटी नोरिकोला विचारते, जगणं निराश करणारंच असतं ना? आणि नोरिको हसून 'हो' म्हणते. हे मी वाचून सांगितलं. आई म्हणाली, "हो म्हणाली?" "हो." "आणि हसली?" "हो." तिने मान हलवली, पसंतीची.

"हा 'नटसम्राट'च आहे," तिचं मत पडलं. "फक्त कुणी ओरडत नाही."

आणि मग, "ह्या ओझूचं लग्न झालं होतं?"

"नाही. आईजवळ राहायचा शेवटपर्यंत. आई गेली, त्यानंतर पुढच्या वर्षी साठाव्या वाढदिवशी तो गेला."

"स्वयंपाक कोण करायचं?"

हा प्रश्न मी हसण्यावारी नेला. रात्री भांडी घासताना तो पुन्हा आठवला.

ती झोपल्यावर मी एकट्याने इराणी दिग्दर्शक किआरोस्तमीचा 'क्लोज-अप' बघितला, कितव्यांदा कोण जाणे. १९९०चा. तेहरानमधला सब्झियान नावाचा एक गरीब सिनेमावेडा बसमध्ये एका बाईला सांगतो, की मी दिग्दर्शक मोहसेन मखमलबाफ. ती त्याला घरी नेते, कुटुंब त्याचा मान राखतं, तुमच्यावर सिनेमा काढतो म्हणून तो त्यांना झुलवतो, आणि शेवटी पकडला जातो. किआरोस्तमीने खटला चित्रित केला आणि आधीचं सगळं त्याच माणसांकडून पुन्हा करवून घेतलं. फसवणाराही तोच, फसलेलेही तेच. कोर्टात सब्झियान जे सांगतो ते पैशाबद्दल नसतं. लोक आपलं ऐकत होते, हे त्याला सोडवत नव्हतं.

मी तो एवढ्या वेळा का बघतो, ते इथे सांगून टाकतो. एकोणीस वर्षांचा असताना, अर्काइव्हचा खेळ सुटल्यावर चहाच्या टपरीवर एका वयस्क गृहस्थांनी मला विचारलं, "इन्स्टिट्यूटचे का?" मी म्हटलं, "हो. डायरेक्शन. सेकंड इयर." मी कॉमर्सच्या सेकंड इयरला होतो. त्यांनी चहा पाजला, वर क्रीमरोल, आणि त्यांच्या डोक्यातल्या सिनेमाची गोष्ट अर्धा तास सांगितली. माझं मत विचारलं. मी दिलं. मध्यंतरानंतर जरा ढिली पडते, म्हणालो. ते खिशातून कागद काढून लिहून घेत होते. ते पुन्हा कधी दिसले नाहीत. दिसले असते तर मी पळालो असतो. शेवटी खरा मखमलबाफ मोटरसायकल घेऊन सब्झियानला न्यायला येतो, दोघं वाटेत फुलांची कुंडी घेतात, आणि आवाज मध्येच तुटत राहतो. तिथे मी दर वेळी रडतो आणि दर वेळी मला तो क्रीमरोल आठवतो.

रविवारी 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ साली व्हेनिसला दोन पारितोषिकं मिळवलेला. आईला वाटलं होतं काळे कोट, टेबलावर मुठी, "ऑर्डर ऑर्डर". पहिला अर्धा तास तिने तारखा पडताना बघितल्या आणि म्हणाली, "हे खरं आहे. आपल्या शेताचं असंच चाललंय."

वृद्ध शाहिरावर आरोप असतो, की त्याच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला. वीरा साथीदार हे खरोखरचे चळवळीतले माणूस तो शाहीर झालेत. २०२१च्या करोनात ते गेले. कामगाराची विधवा साक्षीला येते. कसलाही सूर न चढवता सांगते, की तो उतरण्याआधी आत खडा टाकायचा. झुरळं वर आली, की आत हवा आहे. दारू प्यायचा, नाहीतर वास सहन होत नव्हता. आणि एक डोळा गेलेला, वायूने.

आईचा हात चष्म्याच्या काडीवर गेला. तिथेच राहिला. मी टीव्हीचा आवाज उगाच एक घर कमी केला.

आणि मग सरकारी वकीलबाई, गीतांजली कुलकर्णी. कोर्टात कायद्याचं कलम अन् कलम कोरड्या आवाजात वाचून दाखवणारी, शाहिराला आत ठेवायला निघालेली. संध्याकाळी ती लोकल पकडते, डब्यात मैत्रिणीशी नवऱ्याच्या मधुमेहाचं आणि ऑलिव्ह ऑइलचं बोलते, पोराला पाळणाघरातून घेते, घरी येऊन ओट्याला लागते. बाहेर टीव्ही चाललेला. परीक्षणांतून या दृश्यावर बरंच छापून आलंय, वाईट माणसं कशी साधी असतात या अंगाने. मीही तसंच काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"तिला आतून ऐकू येत असेल टीव्ही," आई म्हणाली.

मी तोंड मिटलं.

शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून विझतात, पडदा बराच वेळ काळा राहतो. आईला वाटलं संपला. "आहे अजून," म्हटलं. न्यायाधीश सहलीला गेलेले, बाकावर डुलकी घेत, पोरं ओरडून उठवतात आणि एकाच्या कानाखाली बसते. "त्याला पण वकील द्या," आई म्हणाली आणि थेंबांसाठी मान मागे टाकली.

सोमवारी तपासणी. डॉक्टरांनी छान म्हटलं, डाव्या डोळ्यासाठी पुढच्या महिन्यात या म्हटलं, आणि आईने दारातून परत वळून विचारलं, "गॅस?" चालेल म्हणाले. बायको रात्री येणार होती. दुपारी आईने स्वतः होऊन 'सांगत्ये ऐका' लावायला सांगितला. मोबाइलवरून टीव्हीवर चढवला. प्रिंट यथातथाच, मध्ये उड्या मारणारी, आवाजाला खरखर.

ती चष्मा काढून, ताठ बसून बघत होती. गाणं यायच्या आधीच मला म्हणाली, आता बघ. जयश्री गडकर आली. नऊवारी, ढोलकी, फेर. आईने डावा डोळा हाताने झाकून घेतला.

"डाव्या खांद्यावर आहे," ती म्हणाली.

"मग? असणारच."

"हो रे. पण आहे."

गाणं संपलं आणि ती उठली. सून प्रवासातून येणार, घरात भाजी नाही, पिठलं तरी टाकते म्हणाली. आठ दिवसांनी स्वयंपाकघरात गेली. आधी माझे डबे जागच्या जागी लावल्याचे आवाज आले, मग काहीतरी पुटपुटल्याचे. हिंगाच्या डबीत मी मोहरी भरली होती. मी रिमोट उचलला आणि सिनेमा थांबवला.

आतून लगेच हाक आली.

"थांबवलास कशाला? चालू दे. येतंय ऐकू."